घुबडानं ऐकलेलं नाव

माझ्या आईच्या मते पालीला सगळं आधी कळतं. चिमणीला माणसाचा हात लागला की तिच्या जातीवाल्या तिला वाळीत टाकतात. आणि साप मारताना त्याच्या डोळ्यांत पाहायचं नाही, कारण मरता मरता तो आपला फोटो काढून ठेवतो. हे फोटोचं तिला कोणी सांगितलं, देव जाणे. आमच्या सौसरला तेव्हा एकच फोटो स्टुडिओ होता आणि तिथे साप येऊन गेल्याचं ऐकिवात नव्हतं.

बाबूजी शाळामास्तर होते. आईनं असं काही सांगितलं की ते वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारायचे, "याला प्रमाण काय?" आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "प्रमान येईल तव्हा पाहू. तोवर चिमणीले हात लावाचा नाही." बाबूजी पुन्हा वर्तमानपत्रात. हा संवाद मी माझ्या लहानपणी किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. पण आमच्या वळचणीतल्या एकाही घरट्याला आम्ही भावंडांनी कधी हात लावला नाही, हेही खरं.

पुढे मीसुद्धा मास्तरीण झाले, तीही विज्ञानाची. पांढुर्ण्याच्या शाळेत पोरांना 'प्रमाण काय?' विचारण्यात माझा जन्म गेला. तरी खरं सांगते, प्रमाण नसलेल्या त्या गोष्टींची मला फार आठवण येते. पावसाळ्याच्या तोंडावर लाल मखमली किडे निघायचे, ते काडेपेटीत ठेवायचे, पण रात्र व्हायच्या आत सोडून द्यायचे, नाही तर ते देवाकडे तक्रार करतात. मोराचं पीस वहीत ठेवून त्याला पेन्सिलीचा भुगा खायला घालायचा. टिटवीनं अंडी बांधावर घातली की पाऊस जास्त, आणि खाली वाफ्यात घातली की कमी. बाबूजींनी एका वर्षी पत्र्याचा डबा अंगणात ठेवून पाऊस मोजायला घेतला, टिटवीला खोटं पाडायला. सप्टेंबरात टिटवी बरोबर निघाली. डबा फुटका होता, असं बाबूजींचं म्हणणं पडलं.

आमच्या घरामागे एकरभर संत्र्याची बाग होती, बागेत विहीर, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात चिंचेचं जुनं झाड. त्या चिंचेच्या ढोलीत घुबडाची जोडी राहायची. छोटी, गोल तोंडाची, पिवळ्याजर्द डोळ्यांची घुबडं. बाबूजी म्हणायचे, याला पिंगळा म्हणतात, हा उंदीर खातो, शेतकऱ्याचा मित्र आहे. आई त्या मित्राला एवढी भ्यायची की त्याला घुबडसुद्धा म्हणायची नाही. 'ते पाखरू' म्हणायची.

त्या पाखराचा कायदा कडक होता. त्याला दगड मारायचा नाही. आणि दिवेलागणीनंतर त्याला ऐकू जाईल असं कोणाचं नाव घ्यायचं नाही. ते नाव ऐकतं, पाठ करतं आणि घोकत बसतं. ते जसजसं घोकत जातं तसतसा तो माणूस वाळत जातो. त्यामुळे संध्याकाळी दिवा लागला की आमच्या घरात सगळे बिननावाचे व्हायचे. मी 'मोठी', माझा धाकटा भाऊ 'छोटा', आणि बाकी कारभार 'अरे', 'अवं', 'आयकलं का' यावर चालायचा. आईला याचा काहीच त्रास नव्हता. नवऱ्याचं नाव ती तशीही दिवसासुद्धा घेत नव्हती.

मी अकरा वर्षांची आणि भाऊ नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट आहे. माझ्याकडे नीळकंठाचं एक पीस होतं. मोराचं कोणाकडेही असतं, नीळकंठाचं सगळ्या आळीत फक्त माझ्याकडे होतं. दसऱ्याला नीळकंठ नुसता दिसला तरी माणसं हात जोडतात, आणि मी त्याचं पीस कंपासपेटीत कापसात ठेवलेलं. दिवसातून दोनदा पेटी उघडून पाहायचे. तान्हा पोळा आला. त्या दिवशी मुलं आपापले लाकडी बैल सजवून आणतात आणि चांगल्या सजलेल्या बैलाला बक्षीस मिळतं. माझ्या भावानं माझं पीस काढून आपल्या बैलाच्या डोक्यात खोवलं. मला विचारलं नाही. त्याला बक्षीस मिळालं, एक पेन्सिल आणि खोडरबर. पीस गर्दीत पडलं आणि कोणाच्या तरी पायाखाली गेलं. संध्याकाळी त्यानं मला त्याचा मोडलेला दांडा आणून दिला आणि वर म्हणाला, "ताई, पेन्सिल अर्धी तुले देतो."

मी त्याच्या मागे धावले. तो बागेत पळाला आणि संत्र्यांच्या ओळींत कुठेतरी लपला. सापडेना. घरात दिवा लागला होता. समोर चिंच होती, आणि खालच्या फांदीवर ते पाखरू बसलेलं होतं, अंधार पडायची वाट पाहत. मला काय सुचलं ते सुचलं. मी झाडाखाली जाऊन उभी राहिले आणि भावाचं नाव मोठ्यानं घेतलं. त्याचं, बाबूजींचं, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्या पाखरानं मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, "आता घोक." मग ते उडून गेलं आणि मी घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पंधरा दिवसांत भावाला ताप आला. मग त्याचं जेवण सुटलं. एके दिवशी सकाळी आईनं त्याला उजेडात आणलं, डोळ्याची पापणी खाली ओढली आणि बाबूजींना हाक मारली. त्याचे डोळे पिवळे झाले होते. मी दाराआडून पाहिलं. पिवळ्याजर्द डोळ्यांनी तो माझ्याकडेच पाहत होता, आणि असे डोळे मी याआधी कुठे पाहिलेत ते मला चांगलं ठाऊक होतं.

कावीळ त्या पावसाळ्यात अर्ध्या गावाला झाली होती. विहिरीचं पाणी उकळून प्या म्हणून दवंडीही फिरली होती. पण अकरा वर्षांच्या मुलीला दवंडीशी काय करायचं असतं? बाबूजींनी त्याला छोट्या लाइनच्या आगगाडीनं नागपूरला नेलं, मोठ्या डॉक्टरकडे. आईनं रामाकोन्याहून काविळीची माळ आणली. ती गळ्यात घातली की रोज लांब होत जाते आणि लांब होता होता दुखणं उतरतं, म्हणतात. शिवाय जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलली. तेव्हा बाबूजींनी कशालाही प्रमाण विचारलं नाही. त्याच्या गळ्यातली माळ ते स्वतः रोज सकाळी हातानं चाचपून पाहायचे.

भाऊ वाळत चालला. सदरा अंगावरून गळायचा. संध्याकाळ झाली की चिंचेवर ती दोघं चिर्रक चिर्रक सुरू करायची, आणि मला त्यात त्याचं नाव स्पष्ट ऐकू यायचं, आडनावासकट. पानातली पोळी मी परकराच्या ओच्यात लपवून बाहेर कुत्र्याला घालायचे. सांगणार कोणाला? आईला सांगायचं म्हणजे, 'मी तुझ्या पोराला मारून टाकलं' असं सांगायचं. बाबूजींना सांगितलं असतं तर ते हसले असते, आणि भाऊ तर तरीही मेला असता.

आमच्या आळीत एका घरी मुलं जगत नव्हती. शेवटचा मुलगा झाला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं मूठभर कोंडा देऊन विकत घेतलं, परत दिलं, आणि त्याचं नाव असं काही घाणेरडं ठेवलं की यमालाही त्याला उचलायची किळस यावी. तो मुलगा चांगला धडधाकट होता, आमच्याबरोबर विटीदांडू खेळायचा. मला एकदम वाटलं, यम फसतो तर घुबड का फसणार नाही? माझ्या भावाला त्या नावानं कोणी बोलावलंच नाही, तर ते नाव रिकामं पडेल. मग घोकू दे किती घोकायचं ते.

म्हणून मी नवं नाव शोधायला बसले. जनावराचंच हवं होतं, म्हणजे त्या पाखराला हा माणूस आहे असा संशय यायला नको. उंदीर म्हणावं, तर ते उंदीर खातं. सरडा, बेडूक, चिचुंद्री, जे डोक्यात येई ते त्याचं जेवणच निघे. शेवटी आठवली सायाळ. बाबूजींना बागेत सायाळीचा काटा सापडला होता, काळापांढरा, वीतभर. घरात ठेवला तर भांडणं होतात म्हणून आईनं तो लगेच फेकायला लावला होता. अंगभर एवढे काटे असलेल्या जनावराला कोण खाणार?

मी भावाच्या उशाशी गेले आणि म्हटलं, "ए सायाळ, पाणी पेतं का?"

महिनाभर त्याचे केस कापले नव्हते. घामानं ते ताठ उभे राहिलेले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, पण ऐकणाऱ्या सगळ्यांच्या आलं. भाऊ रडायला लागला. आईनं मला ओढत अंगणात नेलं आणि दोन थोबाडीत दिल्या. त्याआधी तिनं माझ्यावर कधी हात उगारला नव्हता. "आजारी भावाले चिडवतं? लाज वाटत नाही?"

मी थांबले नाही. त्याला पाहायला आलेल्या त्याच्या वर्गातल्या मुलांना मी ते नाव शिकवलं. पोरांना काय, आयतंच मिळालं. आठ दिवसांत आळीभर झालं, पंधरा दिवसांत शाळाभर. दिवाळीच्या सुमाराला बागेतली संत्री पिवळी व्हायला लागली आणि त्याच्या डोळ्यांतला पिवळा रंग उतरला. तो पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी विहिरीपर्यंत चालत गेला तेव्हा मी चिंचेखाली उभी राहून खूप रडले. कोणीतरी विचारलं काय झालं, तर मी सांगितलं मुंगी चावली.

भाऊ वाचला आणि नावही वाचलं. शाळेत सायाळ, मग गल्लीत सायाळभाऊ, लग्नात वरातीतल्या पोरांनी तेच ओरडून ओरडून घसा बसवला. लोकांसमोर तो हसून घ्यायचा. माझ्यासमोर नाही. वीस वर्षांचा असताना एकदा भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मी मरून राहिलो होतो अन् तू माह्या केसायवर हसून राहिली होती. हे मी इसरणार नाही, ताई." आणि तो विसरला नाही. येणंजाणं होतं, सणवार होते, माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं पाहुण्यांना वाढण्यापासून सगळं केलं. पण माझ्याशी मोकळेपणानं बोलला नाही. दोन वाक्यं झाली की उठून जायचा.

मी का नाही सांगितलं? आधी भीती होती, की सांगितलं तर त्या पाखराला खरं नाव पुन्हा कळेल. ती भीती गेली तोवर मी विज्ञानाची बाई झाले होते. पण ही दोन्ही कारणं वरवरची. 'सायाळ म्हटलं ते तुला वाचवायला' असं सांगायचं, तर कशापासून वाचवायला, हेही सांगावं लागलं असतं. चिडवल्याचा आळ मला सोसवत होता. मी तुझं वाईट व्हावं म्हणून मुद्दाम तुझं नाव घेतलं होतं, हे माझ्या तोंडून निघत नव्हतं.

गेल्या वर्षी भाऊ निवृत्त झाला. पांढुर्ण्याच्या सरकारी कचेरीत त्याची शेवटची बारा वर्षं गेली. सौसरहून बसनं जाऊन येऊन त्यानं नोकरी केली. आता पांढुर्णा जिल्हा झाल्यामुळे निरोपाचा कार्यक्रमही जिल्ह्याला शोभेल असा, मंडप, माइक, शाल-नारळ. आदल्या दिवशी त्याचा मला फोन आला. तो आपणहून फोन करत नाही. म्हणाला, "ताई, तू पन बोलशील न उद्या? एक काम कर. उद्या मले माह्या नावानं बोलावजो. हापिसात कोणाले ते दुसरं नाव माहीत नाही." मी म्हटलं, "हो रे, त्यात काय."

दुसऱ्या दिवशी माइकसमोर उभी राहिले. समोर तो पहिल्या रांगेत, फेटा बांधून. एवढासा वाळलेला पोरगा आणि हा फेट्यातला साहेब, दोन्ही एकदम दिसले. आणि तोंडातून निघालं, "आमचा सायाळ..." मंडप हसला. त्याचा शिपाईही हसला. भावानं हसत सगळ्यांना हात जोडले. माझ्याकडे पाहिलं नाही, पंगतीला माझ्या शेजारी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस धरून मी सौसरला गेले. आई आता चौऱ्याऐंशीची आहे, भाऊ आणि भावजयीजवळ राहते. ती अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. भाऊ खुर्चीवर होता. मी बसायच्या आतच तो म्हणाला, "आता तरी सांग ताई. त्रेपन्न वर्षं झाली. काय मजा आली तुले?"

मग मी सांगितलं. पीस, पेन्सिल, चिंच, तीनदा घेतलेलं नाव, 'आता घोक' म्हटलेलं, पोळ्या, उंदीर-सरडा-सायाळ, सगळं. सांगताना मी चौसष्ट वर्षांची नव्हते. अकरा वर्षांची होते. तो ऐकत राहिला, आणि या वेळी उठून गेला नाही.

मी म्हटलं, "मला ठाऊक आहे, कावीळ पाण्यानं झाली आणि औषधानं गेली. वर्गात हेच शिकवलं मी."

"ते मले बी माहीत हाय," तो म्हणाला. "तव्हा तुले काय वाटलं होतं, ते सांग."

"वाटलं होतं की तू मरशील. आणि मी मारलं असेल."

त्यानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. "पीस मी चोरलंच होतं न," असं काहीतरी पुटपुटला. मग एकदम आईकडे वळला. "अन् तू व माय? तू त इले मारलं होतं. मंग दुसऱ्या दिवसापासून तू बी मले सायाळच म्हनाले लागली. माय बी म्हनते, याचंच मले जास्त वाईट वाटे."

आईनं शेंग सोलणं थांबवलं नाही. "मी विहिरीवर होती त्या दिवशी," ती म्हणाली. "पानी काढून राहिली होती. तिन्ही खेपा ऐकलं मी."

"तुला ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू पोळी कुत्र्याले टाकून राहिली होती, ते बी पाहत होती मी. वरून तुले म्हटलं असतं का मले माहीत हाय, त तू कशी जगली असती?"

"मग मारलंस कशाला?"

"आजारी भावाले चिडवलं त कोनती माय मारत नाही? नसतं मारलं, त तुले तव्हाच समजलं असतं का मायले माहीत हाय."

तिनं दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला केली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तुमच्या बाबूजीले वाटे, घरात एक लेकरू आजारी हाय," ती म्हणाली. "मले माहीत होतं, दोन हायेत."